पाऊण मिलिमीटर हवा

हीटरच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावतात: पाण्याचा हीटर हवेत लावून बघायचा नाही. चालू आहे की नाही हे तपासायचं तर मीटर लावा, सिरीज बल्ब लावा, पण थेट लाईन देऊ नका. मी "का?" असं विचारलं, तेव्हा आमचे मेस्त्री "जळतो" एवढंच म्हणाले आणि पुन्हा पाईप वाकवायला लागले. मी बी.कॉम. झालेली. मला नेमलं होतं जीएसटी, चलनं, उधारीची वसुली आणि फोन यांसाठी. पाईप जळो की राहो, माझं त्यावाचून काही अडत नव्हतं.

मग आमचा डिझाईनवाला मुलगा दुबईला गेला, आणि त्याची एक्सेल फाईल माझ्या गळ्यात पडली.

मी राहते तुळिंजला, आमचा गाळा नालासोपारा पूर्वेलाच, शेअर रिक्षाने गाठता येईल इतका जवळ. काम तसं सरळ दिसतं. स्टेनलेसचा पातळ पाईप, त्यात निक्रोमच्या तारेचं गुंडाळं, आणि दोघांच्या मधे मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी पावडर. पाईप रोलिंगमधून काढून बारीक केला की पावडर घट्ट बसते. ही पावडर उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही, आणि सगळा धंदा तिच्या या एका गुणावर उभा आहे. त्यानंतर पाईप वाकवायचा, टोकं बंद करायची, चाचणी घ्यायची, खोक्यात भरायचा. यात न समजण्यासारखं काय आहे, असं मला वाटत होतं.

एक्सेलमध्ये एक रकाना होता, वॅट डेन्सिटी. पाईपच्या दर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून किती वॅट बाहेर पडणार, तो आकडा. पाण्यासाठी ७, पंख्याच्या हवेसाठी २, जाड तेलासाठी १ च्या आसपास. पाईप तोच, तार तीच, महावितरणची वीजही तीच. मग पाण्यात सात चालतात आणि हवेत दोनच, हे कसं? पाईपच्या बाहेर काय आहे यावरून पाईपची लायकी ठरावी, हे मला पटेना. मी दुबईला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं: "ताई, एच बघा."

एच म्हणजे पृष्ठभाग भोवतालपेक्षा एक अंश जास्त तापला तर एक चौरस मीटरमधून किती वॅट निघून जातील, तो आकडा. पुस्तकात तक्ता मिळाला. आपसूक हलणाऱ्या हवेसाठी ५ ते २५, पंख्याच्या हवेसाठी २५ ते २५०, संथ पाण्यासाठी शेकड्यांत ते हजारापर्यंत, उकळत्या पाण्यासाठी कित्येक हजार. भागाकार मला येतो. ७ वॅट दर चौरस सेंटिमीटर म्हणजे ७०,००० वॅट दर चौरस मीटर. पाण्याचा एच १,००० धरला तर पाईप पाण्यापेक्षा ७० अंशांनी गरम. ठीक आहे. तोच पाईप हवेत लावला, एच १० धरला, आणि उत्तर आलं ७,००० अंश.

लोखंड १,५३८ अंशांना वितळतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा असतो. नालासोपाऱ्याच्या एका गाळ्यात, पाण्याचा हीटर हवेत लावला म्हणून, सूर्यापेक्षा जास्त? मेस्त्रींना आकडा दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, मी सांगितलं होतं ना, जळतो."

त्या आकड्याने मला पछाडलं, असं म्हणायला हरकत नाही. जळणं मला मान्य होतं, पण हिशेबात ७,००० येणं मान्य नव्हतं. कुठेतरी दुसरी वाट असणार, जिथून उष्णता निघून जाते आणि माझ्या कागदावर तिची नोंद नाही.

त्याच सुमाराला थंडी पडली. आमच्याकडे गिझर नाही, बादलीत रॉड लावतो. इतकी वर्षं लावतो, पण मी बादलीत हात खालपर्यंत कधी घातला नव्हता. रॉड बंद करून, प्लग काढून, मग घातला. वरचं पाणी चटका देणारं. रॉडच्या शेवटच्या वेढ्याखालचं, तळातलं पाणी जवळजवळ नळाचंच. सातवीच्या विज्ञानात अभिसरण शिकलो होतो: गरम पाणी वर जातं, थंड खाली येतं. पण ते पुस्तकातलं चित्र खालून पेटवलेल्या भांड्याचं असतं. इथे तापवणारी वस्तू मधे लोंबकळते. तिच्या वरचं पाणी फिरत राहतं, आणि खालच्या पाण्याला वर येण्याचं काही कारणच उरत नाही, कारण ते आधीच सर्वांत जड आहे आणि सर्वांत खाली आहे. २० अंशांच्या एका लिटर पाण्याचं वजन ९९८ ग्रॅम, ६० अंशांच्या लिटरचं ९८३. पंधरा ग्रॅमचा फरक. तेवढ्या फरकावर बादलीतली सगळी हालचाल चालते, आणि तेवढ्याच फरकावर तळ थंड राहतो. आई म्हणते, लोटा घालून ढवळ आणि मग अंघोळ कर. आईचं बरोबर आहे.

हवेतली हीच हालचाल मला स्वयंपाकघरात दिसली, आणि तीही अगदी अचानक. आमची खिडकी पूर्वेला. सकाळचं ऊन तिरपं येऊन ओट्यामागच्या टाईल्सवर पडतं. तवा तापलेला होता, पोळी अजून टाकली नव्हती. टाईल्सवर तव्याची सावली होती, आणि त्या सावलीच्या वर आणखी एक सावली होती, हलणारी, पारदर्शक. हवेला सावली असते हे मला ठाऊक नव्हतं. गरम हवा विरळ, तिच्यातून प्रकाश जरा वेगळा वळतो, म्हणून कुठे उजेड गोळा होतो आणि कुठे कमी पडतो. तव्यापासून थोड्या उंचीपर्यंत ते पट्टे सरळ, शांत वर जात होते, आणि मग एका उंचीनंतर एकदम विस्कटत होते. जर्मन शास्त्रज्ञ आउगुस्ट ट्योपलर यांनी १८६४ मध्ये आरसे-भिंगं लावून हवेतले असे फरक बघायची पद्धत बसवली, आणि बंदुकीच्या गोळीभोवतालच्या हवेच्या लाटांचे फोटो काढायला पुढे तीच उपयोगी पडली. मला तव्यावर फुकट मिळालं. पोळ्यांना उशीर झाला तो भाग वेगळा.

एवढं बघून समजलं असं नाही. उलट गोंधळ वाढला. कारण पुस्तकात पुढे माणसांची नावं सुरू होतात. रेनॉल्ड्स अंक, नुसेल्ट अंक, प्रांटल अंक, ग्रासहोफ अंक, रॅले अंक. एकालाही एकक नाही. रुपये नाहीत, किलो नाहीत, अंश नाहीत, नुसता आकडा. माझ्यासारखीला एककाशिवायचा आकडा म्हणजे सहीशिवायचा चेक. आमच्या पाईपचा व्यास ११ मिलिमीटर, हवेचा वेग सेकंदाला ३ मीटर, तर रेनॉल्ड्स अंक हजाराच्या आसपास येतो. हजार काय? नुसते हजार. म्हणे हवेची पुढे जाण्याची ओढ आणि तिचा चिकटपणा यांच्यातलं प्रमाण आहे ते. हवा चिकट असते, हीही मला बातमीच होती.

या सगळ्यांतला एक अंक मात्र मला कळला, आणि तिथूनच पुढचं सुटत गेलं. नुसेल्ट. विल्हेल्म नुसेल्ट या जर्मन अभियंत्याने १९१५ मध्ये हे एककाशिवायचे अंक पद्धतशीर मांडले. त्याच्या अंकाचा एक अर्थ असा की पाईपचा व्यास त्या अंकाने भागला, तर पाईपला चिकटून बसलेल्या, जवळजवळ न हलणाऱ्या हवेच्या थराची जाडी अंदाजे मिळते. आमच्या पाईपचा नुसेल्ट अंक येत होता १६ च्या वर. ११ मिलिमीटर भागिले १६. पाऊण मिलिमीटरपेक्षाही जरा कमी.

बस, एवढंच. ब्लोअर कितीही घोंघावो, पाईपला लागून पाऊण मिलिमीटर हवा जागची हलत नाही, आणि हीटरची सगळी उष्णता त्या पाऊण मिलिमीटरमधून झिरपत बाहेर येते. हवा उष्णता नेण्यात फार वाईट, पाण्याच्या वीस-बावीस पटींनी वाईट. तेव्हा तो थर जाड झाला की पाईप तापतो, पातळ झाला की निवतो. वाऱ्याचं काम एकच, तो थर खरवडून पातळ ठेवायचा. वेग चौपट केला तर थर साधारण निम्मा होतो. चौपट कमी केला तर दुप्पट जाड. लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत या सीमास्तराची कल्पना मांडली, तो निबंध अवघ्या आठ पानांचा होता. त्याआधी दीडशे वर्षं लोक पाण्याची-हवेची गणितं करत होते आणि ती प्रत्यक्षाशी जुळत नव्हती, कारण सगळी गोम या पातळ पापुद्र्यात होती. मला हे वाचून उगाचच बरं वाटलं. दीडशे वर्षं भल्याभल्यांना जे सापडलं नाही ते मला लगेच दिसलं नाही, तर त्यात लाज कसली.

मेस्त्रींना हे सांगायला गेले तर त्यांनी भलताच प्रश्न विचारला. "वारा समोरून येतो. पाईप गोल. मग पाईपच्या मागच्या अंगाला वारा लागतो कसा?" मला सांगता येईना. आम्ही पाईप आडवा धरला, पंखा लांब ठेवून अगदी मंद केला आणि समोर उदबत्ती धरली. धूर पाईपच्या वरून-खालून गेला, थोडं पुढे जाऊन सुटला, आणि मागे एकदा वरून, एकदा खालून असा वळसा घेत भोवरे सोडत गेला. थिओडोर फॉन कार्मान यांचं नाव या भोवऱ्यांना आहे, १९११ पासून. ब्लोअरच्या ३ मीटर वेगाला आमच्या पाईपमागे सेकंदाला ५०-६० भोवरे सुटत असणार, डोळ्याला दिसायचं नाव नको. उष्णता सर्वांत चांगली निघते ती वाऱ्याकडच्या तोंडावर. तिथून बाजूला वळत गेलं की थर जाड होतो, साधारण ८०-८५ अंशांवर वारा पाईपला सोडतो आणि तिथे निघणं सर्वांत कमी. मागच्या बाजूला भोवरे पुन्हा थोडी उष्णता उचलतात. मेस्त्री म्हणाले, "म्हणजे मागे थोडी चालते." थोडी चालते, हे उत्तर मला पुस्तकापेक्षा आवडलं.

७,००० अंशांचं कोडं नंतर सुटलं. एक हीटर टेबलावर बांधला, दर चौरस सेंटिमीटरला २ वॅटचा, समोर ब्लोअर, वेग मोजून ३ मीटर, पाईपवर तापमान मोजणारं थर्मोकपल. वाऱ्याच्या सूत्राने एच ५४ येत होता, म्हणजे पाईप हवेपेक्षा ३७० अंशांनी गरम, भोवतालचे ३० धरून ४०० अंश. मीटर तीनशेच्या थोडं पुढे जाऊन थांबला. उरलेली उष्णता वाऱ्याला न विचारताच जात होती. प्रारण. सातवीच्या पुस्तकातला तिसरा शब्द, जो आपण सूर्याच्या नावावर टाकून विसरतो. त्याचा हिशेब चढत्या भाजणीचा आहे: निरपेक्ष तापमानाचा चौथा घात. ३१० अंशांच्या पाईपमधून चौथाई उष्णता अशीच, किरणांनी जाते. ४०० च्या पुढे गेलात की निम्मी. त्यामुळे हवेत लावलेला पाण्याचा हीटर ७,००० अंशांवर कधी पोचूच शकत नाही. आठशेच्या पुढे लालबुंद होऊन किरणांनीच जेवढं घालतो तेवढं सांडायला लागतो. त्याआधी आतली तार दम सोडते ती गोष्ट निराळी.

हे सगळं कळत होतं ते एका तक्रारीच्या निमित्ताने. एका मसाल्याच्या कारखान्यात आमच्या हीटरचा ट्रे ड्रायर. एकूण १८ किलोवॅट, पत्र्याचा डक्ट, मागे ब्लोअर, आणि ब्लोअरनंतर लगेच काटकोनात वळण. हीटर पुन्हा पुन्हा जळत होते, आणि सगळे जळत नव्हते, काहीच. त्यांचं म्हणणं तुमचा माल खराब. आमच्या सरांचं म्हणणं त्यांचं व्होल्टेज जास्त. मेस्त्रींचं म्हणणं पाईपचा गेज वाढवा. मी तोपर्यंत या तिघांच्या मधे फक्त ईमेल लिहीत होते.

परत आलेले हीटर मी एकदा वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, ज्या क्रमाने ड्रायरमध्ये होते त्याच क्रमाने. पाईप रंगीत झाले होते. स्टेनलेस हवेत तापलं की त्यावर ऑक्साईडचा बारीक पापुद्रा येतो आणि तो जसा जाड होईल तसा रंग बदलतो. वेल्डिंगवाल्यांना हे रंग पाठ असतात. फिकट पिवळा तीनशेच्या आत-बाहेर, तपकिरी चारशेच्या सुमारास, जांभळा साडेचारशेला, निळा साडेपाचशेच्या आसपास, गडद निळा सहाशेला. तापण्याला किती वेळ मिळाला यावरही थोडं अवलंबून, पण ढोबळ अंदाज मिळतो. माझ्यासमोर वर्तमानपत्रावर अख्ख्या डक्टचा तापमानाचा नकाशा पडला होता. एका बाजूला पिवळे. दुसऱ्या बाजूला जांभळे, मग निळे, आणि शेवटी काळपट राखाडी, ज्यांना रंगच उरला नव्हता. व्होल्टेज जास्त असतं तर सगळेच निळे झाले असते. माल खराब असता तर रंग कुठेही विखुरले असते. हे एका कोपऱ्यात गोळा झाले होते, वळणाच्या आतल्या कोपऱ्यात.

आम्ही तिथे गेलो. हीटर बंद ठेवून नुसता ब्लोअर लावला आणि लांब काठीला सुती दोरे बांधून तपासणीच्या झडपेतून आत सरकवले. बाहेरच्या भिंतीकडे दोरे ताठ, आडवे. मधे जरा फडफडणारे. आतल्या कोपऱ्यात दोरे मरगळून लोंबतील अशी माझी अटकळ होती. ते लोंबत नव्हते. ते उलटे, ब्लोअरच्या दिशेने वळले होते.

हे काय, ते मला उमगायला घरी येऊन लॅपटॉप उघडावा लागला. दुबईकराने ओपनफोम नावाचं सॉफ्टवेअर सुचवलं होतं. फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्याचे धडे करून ठेवलेत. आत गेल्यावर बटणं नाहीत, चित्रं नाहीत, नुसत्या मजकुराच्या फायली. डक्टचे हजारो चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला विचारायचं: तुझ्यात हवा किती आली, किती गेली? उष्णता किती आली, किती गेली?

आणि इथे, एवढ्या सगळ्या परक्या नावांत, मला माझी वही सापडली. प्रत्येक चौकोन म्हणजे एक खातं. आवक, जावक, शिल्लक. एका खात्यातून जे नावे पडलं ते शेजारच्या खात्यात जमा झालंच पाहिजे, मधे गळती नाही. हे काम मी बारावीपासून करत आले.

अडचण दाबाची. वेगाला समीकरण आहे, तापमानाला आहे, दाबाला स्वतःचं समीकरण नाही. आणि दाब ठाऊक नसेल तर वेग निघत नाही. मग करायचं काय? दाब अंदाजाने धरायचा, त्यावरून वेग काढायचे, प्रत्येक खात्यात आवक-जावक जुळते का बघायचं, नाही जुळली तर जेवढी तूट तेवढ्या हिशेबाने दाब दुरुस्त करायचा, पुन्हा वेग काढायचे. तेरीज जुळेपर्यंत. दुरुस्ती पण पुरी करायची नाही, दाबाची तीस टक्के वगैरेच, नाही तर आकडे उधळतात. ही युक्ती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात, ब्रायन स्पॉल्डिंग आणि सुहास पाटणकर यांच्या नावाने. पाटणकर हे नाव वाचून मी खुर्चीत नीट बसले. जन्म पुण्याचा, १९४१ चा. १९६२ ला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, १९६४ ला पवईच्या आयआयटीतून एम.टेक., मग लंडनला पीएच.डी., पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी १९८० मध्ये लिहिलेलं उष्णता आणि प्रवाहाच्या संख्यात्मक गणिताचं पुस्तक दोनशे पानांचंही नाही, आणि जगभर या विषयात शिरणारा माणूस अजून त्यातूनच शिरतो. मीही त्यातूनच शिरले. इंग्रजी साधं, वाक्यं छोटी, आणि लेखक एकाच गोष्टीवर अडून बसलेला: उत्तर कच्चं असलं तरी चालेल, पण खात्यांची बेरीज चुकता कामा नये. मला वाटतं, हे पुस्तक वाणिज्य शाखेला लावायला हवं.

उन्हाळा तोवर लागला होता. आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर गच्चीचा स्लॅब. तापलेली जमीन खालून हवा हलवते, तापलेलं छत मात्र हवा हलवत नाही. गरम हवा छताला चिकटून तिथेच मुक्काम करते आणि सीलिंग फॅन तीच खाली आणून आपल्या अंगावर ओततो. गणित चालू ठेवून झोपायचं, तर मधेच लाईट जायची. इमारतीबाहेरचा ट्रान्सफॉर्मर मी पहिल्यांदा नीट बघितला तो अशाच एका रात्री, खाली उतरून, वायरमनची वाट बघणाऱ्या घोळक्यात उभं राहून. टाकीच्या अंगाला त्या पोकळ पट्ट्या असतात ना, त्या शोभेच्या नाहीत. आत तेल असतं. गुंडाळीने तापलेलं तेल टाकीत वर चढतं, पट्ट्यांतून उतरता उतरता निवतं, खालून पुन्हा आत येतं. पंप नाही, मोटर नाही, माझ्या बादलीतल्या पंधरा ग्रॅमांसारख्याच फरकावर चालतं. पट्ट्यांबाहेरची हवाही तशीच आपली आपण वर जाते. पण सगळ्या तुळिंजचे एसी रात्री एकदम लागले, वारा पडला, हवाच पस्तीस अंशांची असली की तेलाने उतरून निवायचं कुणाच्या जिवावर? आतल्या गुंडाळीवरच्या कागदाचं आयुष्य, ती तापून असताना, दर सहा अंश वाढीला निम्मं होतं असं मानतात. शेजारच्या आजोबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "बाळा, लाईट कधी येणार ते सांग."

लॅपटॉपचं उत्तर शेवटी जुळलं. चित्रात हवा वळणावर बाहेरच्या भिंतीला आपटून तिलाच धरून पुढे पळत होती, आणि आतल्या कोपऱ्यात हवेचा एक मोठा संथ भोवरा स्वतःभोवती फिरत होता. दोरे उलटे का, ते दिसलं. तिथली हवा थांबलेली नव्हती, ती परत येत होती. तीच ती, पाईपवरून एकदा तापून, पुन्हा त्याच पाईपवर, आणखी गरम. ब्लोअरने ओढलेल्या ३० अंशांच्या ताज्या हवेचा तिथे पत्ता नाही. शिवाय पाईप दाटीने उभे, प्रत्येकाच्या समोर दुसरा तितकाच तापलेला, म्हणजे किरणांनी सांडायची वाटही बंद: मी तुला देतो, तू मला दे. टेबलावर एकट्या पाईपला वेग चौपट कमी केला तरी किरणांनी वाचवलं असतं, सव्वाचारशेच्या आत राहिला असता. दाटीत, नुसत्या वाऱ्याच्या भरवशावर, तोच पाईप साडेसातशेच्या पुढे. आणि या सगळ्या काळात डक्टमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान बरोबर होतं! १८ किलोवॅट डक्टमधल्या सगळ्या हवेला सरासरी फक्त १७ अंशांनी तापवतात. ड्रायरवरच्या मीटरला काहीच वावगं दिसणार नव्हतं.

मेस्त्रींनी वळणात तीन वाकवलेले पत्रे बसवले, वारा वळवायला. ब्लोअरच्या तोंडाची जाळी मिरचीच्या पुडीने बुजली होती, ती धुतली. धुणारा मुलगा दुपारभर शिंकत होता. वारा पडला तर हीटर आपोआप बंद होईल असा स्विच लावायचा आग्रह मी धरला आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर दोन्हीकडच्या सरांचा वाद झाला. गेज वाढवण्याचा विषय मात्र मागे पडला.

मला अजून पुष्कळ कळत नाही. झिगझॅग लावलेल्या पाईपांत मागच्या रांगांचा एच पुढच्या रांगेपेक्षा जास्त का येतो, हे लिथुआनियाच्या झुकाउस्कास यांनी मोजून तक्ते करून ठेवलंय. मी ते तक्ते वापरते, पण पुढच्या रांगेने ढवळलेली हवा मागच्या पाईपचा पाऊण मिलिमीटर नेमका कसा खरवडते, ते चित्र माझ्या डोळ्यासमोर उभं राहत नाही. चिकट हवेचा चिकटपणा तापल्यावर वाढतो आणि तेलाचा कमी होतो, हेही मी पाठ केलंय, पचलेलं नाही.

कोटेशनच्या फॉर्ममध्ये मात्र मी एक ओळ वाढवली: हीटरवरून जाणाऱ्या हवेचा वेग, मीटर दर सेकंद. पहिला भरून आलेला फॉर्म भिवंडीच्या एका पार्टीचा होता. त्या ओळीपुढे लिहिलं होतं, "फुल्ल." मी फोन केला. फुल्ल म्हणजे किती? पलीकडून आवाज आला, "मॅडम, पाच एचपीची मोटर आहे, आता बोला."